पहिल्या पानावरची जागा

मुशायऱ्यात कोणी कोणानंतर वाचायचं, यावरून झालेली भांडणं मी पुष्कळ पाहिली आहेत. नवखा शायर आधी आणि उस्ताद सगळ्यात शेवटी, असा रिवाज. रात्री दोन वाजता, अर्धी सतरंजी रिकामी झाल्यावर ज्याला पुकारतात तो थोर. महाजालावर हा हिशेब बरोबर उलटा आहे. तिथे पहिला तोच थोर, आणि ज्याचं नाव दुसऱ्या पानावर गेलं तो जणू जन्मालाच आला नाही.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. संगणकाचं शास्त्र मला कोणी शिकवलेलं नाही. तरी या पहिल्या-दुसऱ्या पानाच्या इतिहासात मी शिरलो, त्याला कारण माझा एक मित्र. एसटीच्या आगारात कारकून होता आणि उत्तम कविता लिहायचा. १९८७ साली स्वतःच्या पैशाने त्याने एकच संग्रह काढला, पाचशे प्रतींचा. २००२ मध्ये तो गेला. मुलगी लग्न होऊन मस्कतला गेलेली. घर आवरताना उरल्यासुरल्या प्रतीही गेल्या. मलपृष्ठ फाटलेली एक प्रत तेवढी माझ्याकडे राहिली. माझा भाचा तेव्हा संगणकाच्या क्लासला जात होता. २००४ मध्ये त्याने आणि मी मिळून त्या प्रतीतल्या सगळ्या ८६ कविता एका संकेतस्थळावर चढवल्या. वाटलं, आता मित्र सुरक्षित झाला.

महिन्याभराने मस्कतहून फोन आला. ‘‘काका, बाबांचं नाव टाकलं तर काहीच येत नाही. एक डॉक्टर येतात आणि एक कंत्राटदार.’’

नाव तसं चारचौघांसारखंच होतं मित्राचं. पण कविता तर तिथे होत्या! मी स्वतः पाहत होतो. मग शोधणाऱ्या यंत्राला त्या का दिसू नयेत? आणि समजा दिसल्या, तरी कोणाला आधी दाखवायचं आणि कोणाला नंतर, हे तिथे ठरवतं कोण?

हा प्रश्न पडला तेव्हा मला वाटलं होतं की गूगल नावाच्या कंपनीपासून गोष्ट सुरू होत असेल. ती बरीच मागे जाते. महाजालावर शोधण्याची पहिली सोय १९९० साली कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात झाली. ॲलन एमटेज नावाच्या बार्बाडोसच्या विद्यार्थ्याने ती केली आणि तिला ‘आर्ची’ असं नाव दिलं. ठिकठिकाणच्या संगणकांवर कोणत्या फायली आहेत, त्यांच्या नावांची ती यादी. आत काय लिहिलंय याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. पुढे टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत वर्ल्ड वाइड वेब उभारलं, तेव्हा नवीन संकेतस्थळांची यादी ते सुरुवातीला हातानेच ठेवत असत. शंभर घरांच्या गावात पोस्टमनला पत्ता लागत नाही, तसलाच प्रकार.

घरं वाढली. १९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोघांनी संकेतस्थळांची विषयवार सूची केली. तीच पुढे ‘याहू’ झाली. माणसं पानं पाहत, योग्य त्या कप्प्यात टाकत, आणि कप्प्यातली नावं अकारविल्हे लागत. आता अकारविल्हे म्हटलं की लबाडीला जागा आलीच. टेलिफोनच्या पिवळ्या पानांत आपलं दुकान वर यावं म्हणून अमेरिकेतले दुकानदार नावाआधी दोन-तीन ‘ए’ जोडत, तीच युक्ती इथेही चालली. संकेतस्थळ वर आणण्याच्या उद्योगातली ही पहिली पायरी म्हणायला हरकत नाही. नावच बदलून टाकायचं! पुढे याहूने व्यावसायिक संकेतस्थळांची तपासणी करण्यासाठी २९९ डॉलर घ्यायला सुरुवात केली. ती सूची २०१४ च्या अखेरीस बंद झाली.

पानं लाखांत गेल्यावर माणसांच्या हातून हे होणं शक्य नव्हतं. मग यंत्राने स्वतः पान वाचायचं ठरलं. डिसेंबर १९९५ मध्ये आलेलं ‘अल्टाव्हिस्टा’ हे त्यातलं नावाजलेलं यंत्र. पण वाचायचं म्हणजे काय करायचं? यंत्राला अर्थ कळत नाही, त्याला मोजता येतं. एखादा शब्द लेखात किती वेळा आला यावरून लेखाचा विषय ओळखावा, ही कल्पना आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५७-५८ मध्येच मांडली होती. तिच्यातली मोठी उणीव १९७२ साली केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स या विदुषीने भरून काढली. त्यांचं म्हणणं आपल्या भाषेत सांगतो. ‘आहे’ हा शब्द मराठीतल्या जवळजवळ प्रत्येक पानावर असतो, म्हणून तो सापडला याला किंमत नाही. ‘आगार’ हा शब्द थोड्या पानांवर असतो, म्हणून तो सापडला तर त्याला वजन द्यावं. जो शब्द सगळीकडे भेटतो तो काहीच सांगत नाही. कवीला हे शिकायला जन्म जातो आणि या बाईंनी ते सूत्रात बसवलं. आजही शोधयंत्रांच्या पोटात ते सूत्र कुठे ना कुठे असतं.

मात्र मोजणाऱ्याला फसवणं सोपं. पानावर ‘स्वस्त विमानतिकीट’ हे शब्द दोनशे वेळा लिहिले की यंत्राला वाटे, याच्याएवढा जाणकार दुसरा नाही. वाचणाऱ्याला किळस येऊ नये म्हणून ते पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहायचे. डोळ्याला दिसत नाहीत, यंत्राला दिसतात. पानाच्या डोक्यावर एक अदृश्य पट्टी असते आणि तिच्यात ‘माझे विषय हे’ असं यंत्राला सांगण्याची सोय होती. त्या सोयीचा इतका विचका झाला की सप्टेंबर २००९ मध्ये गूगलने जाहीरच करून टाकलं, क्रम लावताना आम्ही ही यादी पाहत नाही. स्वतःबद्दल स्वतःच दिलेली साक्ष कोणत्या न्यायालयात चालते?

इथे गोष्टीला वळण मिळालं आणि मला या इतिहासात खरी गोडी लागली. तुम्ही स्वतःबद्दल काय म्हणता ते सोडा, इतर लोक तुमच्याबद्दल काय म्हणतात ते पाहू, असं कोणीतरी ठरवलं. याचंही मूळ संगणकात नाही, वकिलीत आहे. १८७३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात फ्रँक शेपर्ड नावाच्या गृहस्थाने न्यायालयीन निकालांची एक सूची काढायला घेतली. अमुक निकालाचा आधार पुढच्या कोणकोणत्या निकालांनी घेतला, हे तिच्यात वकिलाला एका नजरेत दिसे. ती पद्धत पाहून यूजीन गारफील्ड यांना वाटलं, शास्त्रीय लेखांचीही अशी सूची का असू नये? १९५५ मध्ये त्यांनी ती कल्पना मांडली आणि १९६० च्या दशकात ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ उभा केला. कोणाचा लेख किती जणांनी संदर्भाला घेतला, यावर त्याचं मोल ठरू लागलं.

संकेतस्थळांच्या जगात एका पानावरून दुसऱ्या पानाकडे जाणारा दुवा म्हणजे असाच संदर्भ. हे १९९६ ते १९९८ या काळात वेगवेगळ्या लोकांच्या लक्षात आलं. पुढे चीनमध्ये ‘बायदू’ काढणारे रॉबिन ली तेव्हा अमेरिकेत होते, त्यांच्या लक्षात आलं. जॉन क्लाइनबर्ग यांच्या आलं. आणि स्टॅनफर्डमधल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांच्या आलं. त्यांच्या या पद्धतीवरच्या टिपणावर चार नावं आहेत, त्यातलं एक राजीव मोटवानी यांचं. जम्मूत जन्मलेले, कानपूरच्या आयआयटीत शिकलेले हे प्राध्यापक २००९ मध्ये अकाली गेले. आपल्याकडे ते नाव फारसं कोणी घेत नाही.

पेज यांच्या आडनावावरून या पद्धतीला ‘पेजरँक’ म्हणतात. समजायला ती अवघड नाही. प्रत्येक दुवा हे एक मत, पण सगळी मतं सारखी नाहीत. ज्याला स्वतःला पुष्कळ मान आहे त्याने दिलेलं मत जड. आणि जो शंभर जणांना मत देतो त्याच्या मताचे शंभर तुकडे होतात, प्रत्येकाच्या वाट्याला एकेक. म्हणजे मैफलीचाच न्याय. मागच्या रांगेतल्या पन्नास जणांनी टाळ्या वाजवल्या काय आणि पुढे बसलेल्या एका उस्तादाने मान हलवली काय! तेही जो उस्ताद दर शेराला मान हलवतो, त्याच्या मानेला कोण विचारतं? या हिशेबात एक कल्पित भटकाही आहे. तो एका पानावरून दुव्याने दुसऱ्या पानावर जातो, शंभरातून पंच्याऐंशी वेळा दुवा धरतो, पंधरा वेळा कंटाळून कुठेतरी भलतीकडेच उडी मारतो. असा तो अखंड भटकत राहिला तर कोणत्या पानावर जास्त वेळा सापडेल? तेच पान मोठं.

१९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या परिषदेत त्यांनी आपलं यंत्र मांडलं, तेव्हा त्यात दोन कोटी चाळीस लाख पानं होती. त्याच निबंधाला जोडलेल्या टिपणात या दोघांनी एक इशारा दिला आहे. जाहिरातीवर जगणारं शोधयंत्र जाहिरातदाराकडे झुकणारच, अशा आशयाचा. सप्टेंबर १९९८ मध्ये कंपनी निघाली आणि ऑक्टोबर २००० मध्ये तिने जाहिराती विकायला घेतल्या. पद्धतीचं पेटंट स्टॅनफर्डचं होतं. त्याबदल्यात मिळालेले १८ लाख शेअर विद्यापीठाने २००५ पर्यंत विकले आणि त्याचे ३३ कोटी ६० लाख डॉलर आले. मागच्या बाजूला लिहिलेला तो इशारा मात्र कोणी विकत घेतला नाही.

साक्षीला मोल आलं की भाड्याचे साक्षीदार येतात. मुशायऱ्यात पान-तंबाखूवर ‘वाह वाह’ करणारी टोळी आणणारे शायर मी पाहिले आहेत. महाजालावर अशा टोळ्यांना ‘लिंक फार्म’ म्हणू लागले. हजारो फुसकी पानं, एकमेकांकडे बोट दाखवणारी. गंमतही झाली. २००३ मध्ये पुष्कळ जणांनी संगनमत करून ‘दारुण अपयश’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या अधिकृत चरित्राकडे दुवे दिले. ते शब्द शोधले की बुशसाहेब पहिले! हा खोडसाळपणा २००७ च्या जानेवारीपर्यंत चालला.

नोव्हेंबर २००३ मध्ये गूगलने चाळणी बदलली, ती मात्र गमतीची नव्हती. धंदेवाल्यांनी त्या बदलाला ‘फ्लोरिडा’ नाव दिलं. नाताळ तोंडावर होता, विक्रीचे दिवस. पुष्कळशी छोटी दुकानं एका रात्रीत नाहीशी झाली, त्यात लबाडी न केलेलेही होते. उलट फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यू या बड्या कंपनीचं जर्मन संकेतस्थळ, यंत्रासाठी एक पान आणि माणसांसाठी दुसरं ठेवलं म्हणून, यादीतून काढण्यात आलं. ते काही दिवसांत परतही आलं. छोट्या दुकानदाराला दाद कोणाकडे मागायची तेच माहीत नव्हतं. हा फरक मला आजही खटकतो.

आता मित्राकडे येतो. त्याच्या कविता यंत्राला का दिसत नव्हत्या, ते भाच्याने २००६ च्या सुमारास शोधून काढलं. म्हणाला, ‘‘मामू, आपण लिहिलंय ते मराठी नाहीच.’’ मला रागच आला. मग त्याने समजावलं. त्या काळी डीटीपीवाले जे फॉन्ट वापरत त्यात अक्षराचं फक्त चित्र मराठी असे. ‘कृतिदेव’ फॉन्टात ‘मराठी’ उमटवायला ई, जे, के, बी, एच या रोमन कळा दाबाव्या लागत, आणि संगणकाच्या वहीत तीच रोमन अक्षरं नोंदली जात. वर चित्राचा बुरखा, म्हणून आपल्याला मराठी दिसायचं. शोधयंत्र बुरखा पाहत नाही. त्याच्या लेखी माझ्या मित्राच्या ८६ कविता म्हणजे रोमन अक्षरांचा अर्थहीन कचरा होता.

आम्हीच एकटे नव्हतो. कितीतरी मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळं त्या वर्षांत अशाच फॉन्टांवर चालत होती. प्रत्येकाचा फॉन्ट निराळा, एकाचं लिहिलेलं दुसऱ्याकडे उमटत नसे. इलाज नव्हता असंही नाही. सगळ्या लिप्यांना स्वतःचे कायमचे क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी आहे, आणि तिची मांडणी आपल्याच ‘इस्की’ या भारतीय प्रमाणावरून घेतलेली आहे. विंडोज २००० मध्ये ती वापरायची सोय झाली. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला तो युनिकोडमध्ये. म्हणजे आम्ही कविता चढवल्या त्याच्या आदल्या वर्षी! पण छापखान्यांची सवय, टंकलेखकांची सवय, आणि ‘दिसतंय ना नीट, मग झालं’ ही वृत्ती. त्या वर्षांत महाजालावर चढलेलं किती मराठी असं मुकं राहिलं, त्याची मोजदाद कोण करणार?

इतकं कळूनही मी सगळं पुन्हा टंकित केलं नाही. आळस केला. २००९ मध्ये एक तरुण भेटला. म्हणाला, वर्षाला सहा हजार द्या, तुमच्या मित्राला पहिल्या पानावर आणतो. मी दिले. तीन महिन्यांत मित्राचं नाव डॉक्टरसाहेबांच्या वर आलं. मी घरात पेढे वाटले, मस्कतला फोन केला. त्याने काय केलं हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

२०१२ च्या एप्रिलमध्ये गूगलने नवी चाळणी लावली, तिचं नाव ‘पेंग्विन’. विकतचे, बनावट दुवे हुडकून शिक्षा करणं हे तिचं काम. त्याआधी फेब्रुवारी २०११ मध्ये पोकळ मजकूर चाळणारी ‘पांडा’ येऊन गेली होती. ते प्राण्याचं नाव वाटतं, पण आहे नवनीत पांडा या अभियंत्याचं आडनाव. त्याच महिन्यात ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने जेसी पेनी या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीचे विकतचे दुवे उजेडात आणले होते आणि तिलाही खाली ढकलण्यात आलं होतं. मोठ्यांच्या या लढाईत मे २०१२ मध्ये माझा मित्र सातव्या पानावर गेला.

भाचा आला, त्याने आमचं पान उघडलं आणि त्यावरचं सगळं एकदम निवडलं. पडद्यावर निळा रंग पसरला आणि शेवटच्या कवितेच्या खाली, जिथे इतकी वर्षं मला कोरी जागा दिसत होती, तिथे ओळीच्या ओळी उमटल्या. मराठीतल्या सगळ्या नामवंत कवींची नावं, पुन्हा पुन्हा. ‘सुंदर कविता’, ‘प्रेमकविता’, ‘वाढदिवस शुभेच्छा’. आणि आमच्याकडे बोट दाखवणारी पाचशे पानं कोणती, तर परदेशी औषधांची, जुगाराची, एक टायरांचं. ज्या माणसाने जन्मात एक विशेषण जास्तीचं वापरलं नाही, त्याच्या कवितांखाली तीन वर्षं हे पडून होतं आणि त्याचे पैसे मी भरत होतो.

त्या तरुणाचा फोन बंद लागला. त्याला तरी काय बोलणार? बोट दाखवायचं तर माझ्याकडे चार बोटं वळत होती.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये गूगलने ‘हे दुवे आमचे नव्हेत’ असं कळवण्याची सोय केली. भाच्याने पाचशे नावांची यादी करून पाठवली. मी इनस्क्रिप्टचा कळफलक शिकलो आणि थंडीभर बसून ८६ कविता युनिकोडमध्ये उतरवल्या. फॉन्ट बदलून देणाऱ्या तयार सोयी होत्या, पण त्या वेलांट्या आणि रफार जागचे हलवत. गद्यात चाललं असतं, वृत्तात कसं चालणार?

हे करताना मराठीचे आणखी दोन-तीन काटे सापडले, ते संकेतस्थळ चालवणाऱ्या कोणालाही उपयोगी पडतील म्हणून सांगतो. ‘वाऱ्यावर’ यातला अर्धा र घ्या. तो संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. डोळ्याला एकच, पण आतली नोंद वेगळी. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला. त्याआधी लोक ‘अ’ वर चंद्र जोडून काम भागवत, अजूनही भागवतात. दिसायला तेच, यंत्राला मात्र ते निराळे शब्द वाटू शकतात. आणि ‘गझल’! आपण झ लिहितो, हिंदीवाले ज खाली नुक्ता देतात किंवा देत नाहीत, आणि निम्मे मराठी लोक तो शब्द रोमनमध्येच टंकतात. शोधणारा कोणत्या दाराने येईल सांगता येत नाही. त्यामुळे एका पानावर एकच रीत ठेवायची, आणि शीर्षकात तो शब्द लोक लिहितात तसा यायला हवा, इतकं पथ्य आम्ही पाळलं. आधी ८६ कविता एकाच लांबलचक पानावर होत्या. आता प्रत्येक कवितेला तिचं पान आणि वर तिचं नाव. त्या तरुणाने मित्राचं नाव तेवढं युनिकोडमध्ये घातलं होतं. आता मला वाटतं, त्या वेळी पहिलं पान मिळालं त्यात या एका खऱ्या कामाचा वाटा मोठा असावा.

दुवे किती मिळाले? चार. एका महाविद्यालयाच्या मराठी विभागाने दिला, एका जुन्या वाचनालयाने दिला, दोन कवींनी दिले. चौघांनीही कविता वाचून दिले. २०१४ मध्ये मित्र परत पहिल्या पानावर आला. डॉक्टरसाहेब वर, आम्ही त्यांच्या खाली. ते लोकांचे प्राण वाचवतात, तेव्हा तक्रार नाही.

पुढचा इतिहास धावता आहे. एप्रिल २०१५ पासून मोबाइलवर नीट न दिसणारी पानं मोबाइलवरच्या शोधात मागे पडू लागली. आमचंही पान तसंच होतं, भाच्याने सुधारलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये वाक्यातल्या शब्दांचा एकमेकांशी संबंध ओळखणारी ‘बर्ट’ ही पद्धत गूगलने शोधात आणली. म्हणजे लूनसाहेबांच्या शब्दमोजणीपासून यंत्र साठ वर्षांत वाक्यापर्यंत आलं. ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयात न्यायमूर्ती अमित मेहता यांनी गूगलने शोधाच्या बाजारात बेकायदा मक्तेदारी राखली असा निकाल दिला. आपलं यंत्र ॲपलच्या फोनवर आधीपासून असावं म्हणून एकट्या २०२२ साली गूगलने ॲपलला सुमारे दोन हजार कोटी डॉलर दिले होते, हेही त्या खटल्यात बाहेर आलं. सगळ्यांना रांगेत उभं करणाऱ्यालाही रांगेत पहिलं राहण्यासाठी पैसे मोजावे लागतात, हे वाचून मला माझे सहा हजार आठवले. आणि मे २०२४ पासून अमेरिकेत पानांच्या यादीच्याही वर यंत्राने स्वतः रचलेलं उत्तर दिसू लागलं, पुढे ते आपल्याकडेही आलं. उत्तर वरच मिळालं तर खालच्या पानावर कोण येणार, ही चिंता संकेतस्थळवाल्यांना आहे. कवितेचं काय होईल? कवितेचा सारांश वाचून कोणाचं समाधान झालेलं मी तरी पाहिलं नाही.

मस्कतहून मागच्या वर्षी पुन्हा फोन आला. वडील रात्री म्हणायचे ती एक कविता तिला हवी होती. नाव आठवत नव्हतं, अर्धी ओळ आठवत होती. ती टाकून तिने शोधलं, पण सापडली नाही. मी पुस्तक काढलं. तिच्या आठवणीतल्या ओळीत ‘वाऱ्यावर’ होतं, छापलेल्या ओळीत ‘पाण्यावर’. ती म्हणाली, ‘‘काका, बाबा नेहमी वाऱ्यावरच म्हणायचे.’’ मी डोळे मिटून त्याला मैफलीत उभा केला. खरंच, तो ‘वाऱ्यावर’ म्हणायचा. छापल्यानंतर कधीतरी त्याने तो शब्द बदलला असणार आणि आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

भाच्याला सांगून त्या कवितेच्या पानावर छापील ओळीखाली आम्ही लहान अक्षरांत एक टीप घातली आहे, की कवी म्हणताना हा शब्द असा म्हणत असत. अक्षरं काळी आहेत, सगळ्यांना दिसतील अशी. दोन आठवड्यांनी तिने तीच अर्धी ओळ पुन्हा टाकून पाहिली आणि पडद्याचं छायाचित्र मला पाठवलं.